एका चुलीची माणसे : बागबाजारमधील कुटुंबाचा आकार आणि घडण

१७५२ साली जॉन झेफानिया हॉलवेल हा कलकत्त्यातील कंपनीचा 'जमीनदार', म्हणजे महसूल व न्याय पाहणारा अधिकारी, म्हणून काम पाहू लागला. शहराची लोकसंख्या किती, हे ठरविण्यासाठी त्याने एक साधा हिशेब मांडला. कंपनीच्या हद्दीतील व तिला लागून असलेल्या वस्त्यांतील घरे त्याने ५१,१३२ धरली, दर घरी आठ माणसे मानली आणि ४,०९,०५६ हा आकडा लिहून ठेवला. गुणाकार बिनचूक आहे. शंका येते ती त्यात घातलेल्या दोन्ही संख्यांविषयी, आणि विशेषतः त्या 'आठ'विषयी. हे आठ जण कोण होते? ते एकाच चुलीवर जेवत होते की एकाच छपराखाली केवळ निजत होते? त्यांत चाकर धरले होते की नव्हते? हॉलवेल याविषयी काही सांगत नाही.

पुढील मोजण्या पाहिल्या म्हणजे त्याच्या आकड्याचा फोलपणा ध्यानी येतो. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी करआकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी शहराची वस्ती सुमारे १ लाख ८० हजार ठरविली. १८३७ मध्ये पोलीस खात्यातील कॅप्टन बर्च याने केलेली मोजणी सुमारे २ लाख ३० हजारांवर थांबली. १८७२ च्या जनगणनेत शहर साडेचार लाखांच्या घरात पोहोचले. हॉलवेलचे म्हणणे खरे मानावयाचे तर साम्राज्याची राजधानी झालेल्या, गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या यांनी गजबजलेल्या नगरात सव्वाशे वर्षांत जेमतेम काही हजारांचीच भर पडली, असे म्हणावे लागेल. १९०१ च्या जनगणनेसाठी शहराचा संक्षिप्त इतिहास लिहिणारे अतुलकृष्ण राय यांनीही हा आकडा फुगीर ठरविला आहे. तरीही ग्रंथामागून ग्रंथ तो उद्धृत करीत आले. छापलेल्या आकड्याला एक प्रकारचे अमरत्व लाभते, त्याचा हा नमुना.

त्याच शतकाच्या शेवटी युरोपच्या उत्तर टोकाला काय चालले होते, ते पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखाली होता. १ फेब्रुवारी १८०१ या दिवसाची तेथील जनगणना माणसागणिक झाली. प्रत्येकाचे नाव, वय, विवाहित की अविवाहित, धंदा कोणता आणि घरात स्थान काय, इतके सारे त्या यादीत आहे. कुटुंबप्रमुख, त्याची पत्नी, पहिल्या लग्नाची मुले, दुसरीची मुले, मोलकरीण, शिकाऊ कारागीर, भाड्याने राहणारा खलाशी अशी ओळीने नोंद सापडते. त्यामुळे एखाद्या नॉर्वेजियन बंदरातील कोणत्या गल्लीत, कोणत्या घरी किती माणसे होती आणि ती एकमेकांची कोण लागत, हे आज दोनशे वर्षांनंतरही सांगता येते. इंग्लंडातील अशाच याद्यांवरून पीटर लॅस्लेट यांनी १५७४ ते १८२१ या काळातील शंभर वस्त्यांचा अभ्यास केला. तेव्हा सरासरी कुटुंब ४.७५ माणसांचे निघाले. जुन्या काळी युरोपातही मोठमोठी एकत्र कुटुंबे नांदत असत आणि यंत्रयुगाने ती मोडली, या समजुतीला त्या आकड्याने जबर धक्का दिला.

बागबाजारला अशी यादी लाभलेली नाही. म्हणून तेथील घराची घडण दुसऱ्या वाटांनी शोधावी लागते. त्या वाटा म्हणजे कायदा, वास्तू, बोलीतले शब्द आणि चरित्रे.

बागबाजार हा सुतानुटीचा उत्तरेकडील टोकाचा भाग. पश्चिमेस हुगळी, उत्तरेस खाडी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे पेरिन नावाच्या इंग्रजाची बाग होती. १७५६ च्या जूनमध्ये सिराजउद्दौल्याच्या फौजेचा पहिला हल्ला पेरिनच्या याच बुरुजावर झाला. पण मराठी वाचकाला या ठिकाणाची ओळख दुसऱ्या एका कारणाने पटावी. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला, तो बागबाजारपाशी सुरू होत असे. 'मराठा डिच' या नावाने तो प्रसिद्ध झाला. मराठे तेथवर आलेच नाहीत. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाल्यावर काम थांबले. खंदक पुढे बुजला, तरी बागबाजारातील एका गल्लीने ते नाव टिकवून ठेवले आहे.

या खंदकाचा कुटुंबाच्या आकाराशी संबंध आहे. 'वर्गी' म्हणजे मराठा स्वार; त्यांच्या धास्तीने भागीरथीच्या पश्चिम तीरावरील कित्येक घराणी नदी ओलांडून पूर्वेला आली. आश्रयाला आलेले माणूस सहसा एकटे येत नाही. मागून मेहुणा, भाचा, विधवा आत्या, गावचा पुरोहित येतो. जो आधी येऊन स्थिर झाला त्याच्या अंगणात मागून आलेले उतरतात. अठराव्या शतकातील उत्तर कलकत्त्याची मोठी घरे परंपरेच्या जोरावर जेवढी वाढली, तेवढीच या निर्वासित नातलगांमुळेही वाढली असावीत. मिठाच्या व्यापारात धन मिळविलेल्या बागबाजारच्या गोकुळचंद्र मित्रांसारख्या गृहस्थाच्या दारी किती पाने उठत असतील, याची कल्पना यावरून करता येते.

घर आणि कुटुंब यांत बंगालीत जो भेद केला जातो तो येथे ध्यानात घेतला पाहिजे. 'बाडी' म्हणजे वास्तू. कधी ती एका घराण्याची, कधी अनेकांची. कुटुंबाला मात्र 'एकान्नवर्ती परिवार' असा नेमका शब्द आहे. एका अन्नावर राहणारे ते एक कुटुंब. भाऊ वेगळे झाले की बंगाली माणूस 'हांडी वेगळी झाली' म्हणतो, मराठी माणूस 'चूल वेगळी मांडली' म्हणतो. दोन्ही भाषांना छपरापेक्षा भात महत्त्वाचा वाटला. स्वतंत्र भारताच्या जनगणनेनेही तीच कसोटी स्वीकारली आहे. एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे ती एक गृहस्थी मानते.

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली ती अशी. एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, मालमत्ता सामाईक असणे, कुलाचाराची उपासना एकत्र करणे आणि परस्परांचे आप्त असणे. न्यायालयेही अन्न, उपासना व मालमत्ता या त्रयीने हिंदू कुटुंबाची एकी गृहीत धरीत. बागबाजारात ही लक्षणे एकदम नाहीशी होत नाहीत. ती एकामागून एक सुटत जातात आणि त्यांचा क्रम मोठा बोधक आहे.

त्याआधी कायदा. महाराष्ट्रात विज्ञानेश्वराची मिताक्षरा चालली. बंगालात जीमूतवाहनाचा दायभाग चालला. मिताक्षरेप्रमाणे मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळतो. दायभागाप्रमाणे बाप जिवंत असेतो मुलाला काहीही मिळत नाही. बंगाली 'कर्ता' हा म्हणूनच पुण्याच्या वाड्यातील यजमानाहून अधिक समर्थ. मुलांनी एकत्र राहावयाचे ते बापाच्या मर्जीने आणि मृत्युपत्राच्या धाकाने. बाप गेल्यावर मात्र प्रत्येक भावाचा हिस्सा त्याच क्षणी ठरतो, वाटणी झालेली नसली तरी. म्हणजे एका चुलीवर जेवणारे चार भाऊ कायद्याच्या दृष्टीने चार निश्चित हिस्सेदार असतात. बंगालीत त्यांना 'शरीक' म्हणतात. मिताक्षरेतील भावांचा हिस्सा मात्र जन्म-मृत्यूंबरोबर वाढत-घटत राहतो.

आणि याच ठिकाणी घरातील सर्वांत मुकी व्यक्ती कायद्याच्या पटावर येते. तिचे नाव विधवा. मिताक्षरेखाली अविभक्त कुटुंबातील निपुत्रिक विधवेला केवळ अन्नवस्त्र मिळे. पतीचा हिस्सा दिरांकडे जाई. दायभागाखाली तो हिस्सा तिला मिळे, जरी तो हयातीपुरता असला आणि विकण्याची मुभा तिला क्वचितच असली, तरी. वरवर पाहता बंगाली विधवा अधिक भाग्यवान. प्रत्यक्षात हा हक्कच तिच्या जिवावर उठला असावा, असे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात सुचविले आहे. १८१५ ते १८२८ या वर्षांत बंगाल इलाख्यात सरकारदरबारी नोंदल्या गेलेल्या ८,१३४ सतींपैकी बहुसंख्य एकट्या कलकत्ता विभागातील होत्या. सारा दोष एका दायभागावर घालणे योग्य होणार नाही. खालच्या थरांतील ज्या घरांत वाटावयास काही नव्हते तेथूनही बायका चितेवर गेल्या. पण कारणांच्या यादीतून हे कारण वगळता येत नाही.

१८२९ मध्ये सतीबंदी झाली. त्यानंतर विधवा घरात राहिली आणि घराच्या आकारात तिची भर पडली. १८५६ च्या कायद्याने तिला पुनर्विवाहाची वाट खुली केली, पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करताच पहिल्या पतीचा हिस्सा तिच्या हातून गेला. हिस्सा असलेल्या विधवेला दिरांनी तीर्थाच्या निमित्ताने काशीला धाडावे, दरमहा थोडेसे पैसे पाठवावे आणि तिची खोली वापरावयास घ्यावी, ही घटना बंगाली घरांच्या आठवणींत वारंवार भेटते. मोजणीच्या रात्री ती काशीच्या एखाद्या कोठडीत मोजली जाई. मालमत्तेच्या कागदात मात्र बागबाजारच्या घराचा चौथा हिस्सा तिच्या नावे असे. अशा घराचा आकार किती धरावयाचा?

कुलीन प्रथेने आणखी गोंधळ केला. राढी ब्राह्मणांत उच्च कुळाचा वर अनेक लग्ने करी आणि बायका त्यांच्या माहेरीच राहत. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८७१ मध्ये बहुविवाहाविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकात हुगळी जिल्ह्यातील कुलीनांची यादी दिली आहे. तीत पन्नासांहून अधिक बायका असलेले पुरुषही आहेत. अशा पुरुषाचे 'कुटुंब' म्हणजे एका वहीतील नावांची रांग. त्याची मुले मामांच्या घरी वाढत. तेव्हा ब्राह्मण घरांतील लेकी, त्यांची मुले आणि कधीमधी येणारा जावई हेही घडणीत धरावे लागतात. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या सरळ रेषेत बंगाली घर बसत नाही, असे दिसते. घरजावयाची सोयही सधन कायस्थ घरांतून चांगलीच रुळली होती.

या सर्व नातलगांच्या बाहेर नोकरमाणसे. स्वयंपाकाला 'ठाकूर', तो बहुधा ओडिशातील ब्राह्मण. दारावर बिहार किंवा अयोध्या प्रांतातील दरवान. भांडी घासावयास 'झी', ती पुष्कळदा स्वतःच कोणाची तरी निराधार विधवा. नॉर्वेच्या १८०१ च्या यादीतही चाकर आहेत, पण तेथील चाकर म्हणजे शेजारच्याच शेतकऱ्याची मुलगी. काही वर्षे दुसऱ्याच्या घरी राबून, चार पैसे गाठीला बांधून ती उशिरा लग्न करी आणि स्वतःचे घर थाटी. चाकरी हा तेथे आयुष्याचा एक टप्पा होता. बागबाजारच्या दरवानाची बायको आणि मुले दूर गावी असत आणि तो म्हातारा होईतो देवडीवरच निजे. दोन्हीकडच्या रकान्यात शब्द एकच असला, तरी दोन्हींचा अर्थ एक नाही.

श्रीमंतांच्या वाड्यांवरून साऱ्या पाड्याचा अंदाज बांधणे हीदेखील चूक ठरेल. बागबाजारमध्ये नावाडी, कोळी, फेरीवाले, गोदामांतील हमाल यांच्या कच्च्या वस्त्या होत्या. लगतच कुमारटोळीतील मूर्तिकारांची घरे होती. तेथे नवरा, बायको, हाताखाली काम शिकणारा भाऊ आणि दोन-तीन मुले, इतकेच घर. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळजवळ निम्मी होती. याचा अर्थ असा की हजारो पुरुष कुटुंबावाचून राहत होते. कारकून आणि विद्यार्थी 'मेस'मध्ये, मजूर एका खोलीत दहा-बारा जण मिळून. गिरणगावातील खाणावळी पाहिलेल्या मुंबईकराला हे चित्र अपरिचित नाही. हॉलवेलचे आठ जण अशा खोलीतही सापडतील, पण त्यांना कुटुंब म्हणता येणार नाही.

आता काही नावनिशीवार घरे. बागबाजारच्या रामकांत बसू रस्त्यावरील बलराम बसूंचे घर श्रीरामकृष्णांच्या सहवासामुळे प्रसिद्ध आहे. १८९७ च्या १ मे रोजी रामकृष्ण मिशनची स्थापनाही तेथेच झाली. वास्तू मात्र बलरामांच्या मालकीची नव्हती. ती त्यांचे चुलत बंधू हरिवल्लभ यांची; हरिवल्लभ कटकला वकिली करीत. जमीनदारी ओडिशात, तिचा कारभार दुसऱ्या चुलतभावाकडे, आणि उत्पन्नातील ठरलेला भाग बलरामांना येई. तीन भाऊ तीन ठिकाणी जेवत होते, तरी आपण एकाच घराण्याचे आहोत याविषयी त्यांपैकी कोणाला शंका नसावी. छप्पर गेले, चूल गेली, मालमत्ता राहिली.

दुसरे घर 'उद्बोधन' मासिकाचे. स्वामी सारदानंदांनी कर्ज काढून ते बांधले आणि १९०९ च्या मे महिन्यात सारदादेवी तेथे राहावयास आल्या. तळमजल्यावर मासिकाची कचेरी व संन्यासी. वरच्या मजल्यावर सारदादेवी, त्यांच्या वारलेल्या भावाची पत्नी सुरबाला, जिचे चित्त ठिकाणावर नसे, तिची मुलगी राधू, इतर भाच्या, आणि गोलापमांसारख्या विधवा सोबतिणी. योगीनमा जवळच्या आपल्या घरून येत. गावाकडून येणारे भाऊ पैसे मागावयास येत आणि कुरबुरी करून जात. लॅस्लेट यांच्या वर्गीकरणात हे घर कोठे घालावयाचे, हे सांगणे अवघड आहे. विवाहित जोडपे त्यात नाही. कर्ता पुरुष नाही, असले तर संन्यासी. तरीही त्यात स्वयंपाक एक होता, भाचीचे लग्न करून देण्याची चिंता होती, आजारपण होते, रुसवे होते. १९२० च्या जुलैमध्ये सारदादेवींचे निधन झाले ते याच घरात. शेजारच्या कित्येक 'खऱ्या' कुटुंबांपेक्षा हे घर अधिक काळ एका चुलीवर टिकले असेल.

तिसरे घर बोसपाडा गल्लीतील भगिनी निवेदितांचे. १८९८ च्या नोव्हेंबरात तेथे मुलींची शाळा निघाली. मुली लग्न होऊन सासरी जात आणि वर्ग रिकामे होत. त्याच गल्लीतील निवेदितांच्या घरी 'गोपालेर मा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अघोरमणीदेवी अखेरच्या दिवसांत राहिल्या. बालपणीच विधवा झालेली, सोवळ्याओवळ्याचे कडकडीत नियम पाळणारी ब्राह्मण वृद्धा एका आयरिश स्त्रीच्या छपराखाली वावरत होती. तिच्या अन्नाची व्यवस्था अर्थातच वेगळी होती. १९०६ मध्ये ती वारली. येथे छप्पर एक आणि चूल दोन. जनगणनेच्या कसोटीवर या दोन गृहस्थी. शेजारच्या बायकांच्या दृष्टीने मात्र म्हातारीला अखेरीस एक लेक लाभली होती.

वाटणीचा क्रम या उदाहरणांतूनच उलगडतो. प्रथम चूल फुटते. जावाजावांचे पटेनासे होते, किंवा एका भावाची कमाई दुसऱ्याहून फार वाढते. पण केवळ वेगळा स्वयंपाक म्हणजे वाटणी नव्हे, असे न्यायालयांनीही मानले आहे. नंतर छप्पर विभागले जाते. अंगणातून भिंत उठते, दालनाला पत्र्याचा आडोसा येतो, जिन्याच्या वापरावरून तंटे लागतात. मग मालमत्ता. सर्वांत शेवटी उपासना, आणि पुष्कळदा ती विभागली जातच नाही. याचे कारण 'देवोत्तर' ही तजवीज. मालमत्तेचा एक भाग गृहदेवतेच्या नावे करून ठेवला की तो वारसांना वाटून घेता येत नाही. त्यांच्याकडे येते ती केवळ सेवेची 'पाळी'. यंदा थोरल्या शाखेकडे पूजा, पुढल्या वर्षी धाकट्या शाखेकडे. चिंचवड किंवा मोरगाव येथील पाळीची व्यवस्था पाहिलेल्यांना हे सहज उमगेल. देव असा घराण्याचा न वाटला जाणारा सभासद होऊन बसतो. मोजणी करणाऱ्याच्या रकान्यात तेवढे त्याला स्थान नाही.

बागबाजारमधील नंदलाल व पशुपती बसू या बंधूंचा विशाल वाडा १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. आराखडा नीलमणी मित्र यांचा. खांबांची ओळ, ठाकुरदालान, बाहेरचा बैठकखाना व आतला अंदरमहाल अशी त्याची रचना म्हणजे एका विशिष्ट घडणीच्या कुटुंबाचा विटांतला नकाशाच होय. बंगभंगाच्या दिवशी, १६ ऑक्टोबर १९०५ रोजी, राष्ट्रीय निधीसाठी जमलेला जनसमुदाय याच वाड्याच्या आवारात आला. इतका जमाव मावेल असे अंगण त्या वस्तीत दुसरे कोणते होते? पण असा वाडा पुढे चालविणे एका पिढीला जमते, तिसरीला जमत नाही. १९१९ पासून बागबाजारात सार्वजनिक दुर्गापूजा सुरू झाली. वाड्यातील पूजेला निमंत्रण लागे. येथे वर्गणी पुरे.

१९४७ नंतर पूर्व बंगालातून कुटुंबे आली आणि उत्तर कलकत्त्यातील जुन्या घरांच्या खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. निर्मलकुमार बसू यांच्या मार्गदर्शनाखाली झालेली आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेली शहराची सामाजिक पाहणी त्या काळातील वस्तीचे जातवार, भाषावार, धंदेवार चित्र देते. तिच्यावरून फिरताना ध्यानात येते ते असे की जुन्या वाड्यातील माणसांची संख्या घटली नाही. उलट ती वाढली. घटली ती त्यांची परस्परांशी असलेली नाती. देशाच्या पातळीवर हेन्री ओरेन्स्टाईन यांनी १९६१ मध्ये जनगणनांचे आकडे पडताळून दाखविले होते की सरासरी गृहस्थीचा आकार, लोक समजतात तसा, आकसत गेलेला नव्हता. अ. म. शहा यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात गुजरातेतील एका खेड्याच्या १८२५ च्या नोंदी तपासून, त्या काळीही लहान गृहस्थी सर्रास होत्या, असे दाखवून दिले. मोठे घर हे बहुतांश लोकांच्या मनात होते. राहावयास ते थोड्यांनाच मिळाले.

बागबाजारच्या जुन्या वाड्यांत आजही पूजेच्या दिवसांत हे पाहावयास मिळते. पंचमीपासून शरीक येऊ लागतात. कोणी सॉल्ट लेकहून, कोणी दिल्लीहून, कोणी समुद्रापलीकडून. ज्या दालनाला वर्षभर आडोसा असतो तेथून तो काढला जातो आणि अष्टमीचा भोग एका मोठ्या चुलीवर शिजतो. त्या दुपारी तेथे गेलेल्या मोजणीदाराने एका घरात सत्तर माणसे लिहिली तर ते खोटे ठरणार नाही. दशमीला विसर्जन होते, घाटावरून परतल्यावर थोरांच्या पाया पडणे होते, मिठाई होते. एकादशीच्या सकाळी त्याच वाड्यात अकरा स्वयंपाकघरांतून वेगवेगळा धूर निघतो, आणि दोन दारांना कुलूप असते.